विसरणाऱ्याला विचारावे का?

आमचे वडील, नाना, सत्तावीस वर्षे दिंडीत वीणेकरी होते. चार वर्षांपूर्वीच्या आषाढी वारीत माउलींच्या पालखीचा मुक्काम नातेपुत्यास होता. पहाटे नाना टँकरवर आंघोळीला गेले ते राहुटीकडे परतले नाहीत. पालखी निघाली, पुरंदवड्याचे रिंगण झाले, तरी पत्ता नाही. आम्ही प्रत्येक दिंडीत विचारत फिरत होतो. संध्याकाळी माळशिरसला एका दुसऱ्याच दिंडीत ते सापडले. टाळ घेऊन शांतपणे उभे होते. त्या दिंडीचे चालक म्हणाले, "बाबा सकाळपासून आमच्याबरोबर आहेत. दिंडीचा नंबर विचारला तर आठवत नाही. गाव विचारलं तर नुसते हसतात. पण माउली, हरिपाठाला उभे राहिले की एक अक्षर चुकत नाही हो!"

त्यातले शेवटचे वाक्य आम्ही घट्ट धरून ठेवले आणि आधीची दोन सोडून दिली. घरी आल्यावर जो विचारी त्याला सांगायचो, "थकव्यानं झालं असेल. बुद्धी अगदी तल्लख आहे. सगळा हरिपाठ मुखोद्गत आहे अजून."

आज हे लिहिताना वाटते, की ही चूक आमच्या एकट्याच्या घरची नसावी. वारकऱ्याच्या घरात माणसाची स्मृती आपण पाठांतरावरून जोखतो. पण स्मृती म्हणजे एकच कोठार नव्हे. लहानपणी शिकलेले, रोज टाळावर म्हटलेले, चालीत बसलेले फार खोल जाऊन राहते. सकाळी काय जेवलो, औषध घेतले की नाही, राहुटी कोणत्या बाजूला होती, हे वरच्या थरावर असते. अल्झायमरच्या आजारात बहुधा हा वरचा थर आधी झडू लागतो. जर्मनीतील डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली हा आजार प्रथम मांडला. स्मृतिभ्रंशाचे प्रकार अनेक आहेत, त्यांतला सर्वांत जास्त आढळणारा हा. म्हणून ज्याचा हरिपाठ बिनचूक आहे तो घरची वाट विसरू शकतो. दोन्ही गोष्टी एकाच माणसात, एकाच दिवशी खऱ्या असतात.

पुढची वारी आली तेव्हा आम्ही नानांना एकटे सोडले नाही, पण बोललोही नाही. आई मात्र पाहत होती. एका एकादशीला नाना दुपारी स्वयंपाकघरात येऊन भाकरी मागू लागले. पन्नास वर्षांत न मोडलेला उपवास! आई रागावली आणि मग पदर तोंडाला लावून परसात गेली. तरीही आम्ही गप्पच होतो.

मग गावात आरोग्य शिबिर झाले. एक तरुण मुलगी टॅब घेऊन घरोघर येत होती. साठीपुढच्या माणसांची स्मरणशक्ती तपासायची, दहा मिनिटांचे काम, असे ती म्हणाली. मी लगेच नानांना ओसरीवर बोलावले. त्यांना काही विचारले नाही, सांगितले नाही. शेजारची दोन माणसे बसलेली होती, नातवंडे खेळत होती. मुलीने तीन शब्द सांगितले आणि लक्षात ठेवायला सांगितले. मग टॅबच्या काचेवर बोटाने घड्याळ काढायला लावले. नाना चौथीपर्यंत शिकलेले. त्यानंतर हातात नांगर, टाळ आणि वीणा. पेन्सिल कधी आली नाही. काचेवर बोट सरकेना. काटे एकावर एक बसले. धाकटा नातू हसला. मुलीने तीन शब्द विचारले. नानांना एकही आठवला नाही. टॅबवर लाल खूण आली. नाना माझ्याकडे वळून म्हणाले, "मला नापास केलं का रे?"

त्या प्रश्नाने मी अजून अस्वस्थ होतो. तपासणी चुकीची होती असे नाही, तिच्यातून पुढे बरेच चांगले झाले. पण ज्याची तपासणी होत होती त्यालाच आम्ही विचारले नव्हते. तिथूनच माझ्यापुढे हा प्रश्न उभा राहिला: विसरणाऱ्याला विचारावे का? आणि विचारायचे तर कोणी, केव्हा, कशासाठी?

आधी एक बाजू पाहू. पुष्कळ भाविक म्हणतात, विचारूच नये. म्हातारपणी विसर पडायचाच. या आजारावर मुळापासून बरे करणारे औषध नाही. मग नाव कळून काय उपयोग? उलट त्या माणसाच्या मनाला घोर लागेल, गावात चर्चा होईल, भाऊबंद जमिनीच्या कागदांकडे पाहू लागतील. न कळण्यातही एक दया असते.

या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की विसर म्हणजे एकच रोग आणि तो असाध्यच. तसे नसते. थायरॉइड कमी पडले तरी माणूस विसरतो. मन खिन्न झाले तरी विसरतो. डोक्याला लागून आत हळूहळू रक्त साचले तरी विसरतो. काही झोपेच्या गोळ्यांनीही विसर पडतो. कान गेलेला माणूस प्रश्न ऐकतच नाही आणि आपण म्हणतो त्याला आठवत नाही. वारकऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे असे एक कारण म्हणजे बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. हे जीवनसत्त्व मांस, मासे, अंडी आणि दूधदुभते यांतून मिळते. माळकऱ्याच्या ताटात पहिली तीन नसतात, आणि म्हातारपणी दूधही कमी झाले तर शरीराला ते पुरेसे मिळत नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांतही ते कमी होऊ शकते. यासाठी माळ उतरवायचे कारण नाही. साध्या रक्ततपासणीत ही उणीव कळते आणि गोळीने किंवा इंजेक्शनने भरून निघते. ज्याचा विसर असा बरा होण्याजोगा आहे, त्याला 'वय झालं' म्हणून बसवून ठेवणे याला दया म्हणता येणार नाही.

आता दुसरी बाजू. काही जण म्हणतात, यंत्र स्वस्त झाले आहे, टॅब घरोघर जाऊ शकतो, मग सरसकट सर्व वृद्धांना तपासून टाकावे. ही बाजूही तपासून पाहिली पाहिजे.

आपल्या देशात हा प्रश्न लहान नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीनुसार साठीपुढच्या शंभरांत सुमारे सात जणांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत त्याचे प्रमाण अधिक आढळले. मेंदूचे तज्ज्ञ मात्र मोठ्या शहरांत बसतात. म्हणून गावच्या उपकेंद्रात, आशाताईंच्या आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांच्या हाती काहीतरी साधन असावे, हा विचार योग्यच आहे. आशाताई घरोघर जो फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्या माणसांसाठी जवळच्यांची नावे किंवा घरचा पत्ता विसरता का, अशा अर्थाचा प्रश्न असतो. टॅबवरच्या चाचण्या त्याच्या एक पाऊल पुढे जातात. शब्द आठवायला लावतात, चित्रे ओळखायला लावतात. काही तर घड्याळ काढताना हात किती वेळ थबकला तेही मोजतात. माणसाच्या डोळ्याला न दिसणारा तो थबका यंत्राला दिसतो. हे मोठेच काम आहे.

पण यंत्र ही चाळणी आहे. चाळणीने खडे वेगळे निघतात तसे कधी चांगले दाणेही अडकतात. समजा एका चाचणीला शंभर आजाऱ्यांतले ऐंशी ओळखता येतात आणि शंभर निरोग्यांतल्या ऐंशींना ती बरोबर मोकळे सोडते. गावातल्या शंभर वृद्धांत सात आजारी असतील तर ती त्यांतले पाच-सहा पकडील. पण उरलेल्या त्र्याण्णव धडधाकट माणसांतल्या अठरा-एकोणीस जणांवरही लाल खूण मारील. म्हणजे लाल खूण मिळालेल्या चौघांतले तिघे मुळात बरे असतील! ही खूण म्हणजे निदान नव्हे, डॉक्टरकडे जाण्याची चिठ्ठी आहे, हे जर कोणी सांगितले नाही तर त्या तिघांची झोप उडाली म्हणून समजा. अमेरिकेत रोगप्रतिबंधक तपासण्यांवर सल्ला देणाऱ्या तज्ज्ञ गटाने २०२० साली म्हटले, की ज्यांना काहीच तक्रार नाही अशा वृद्धांची सरसकट तपासणी करावी की नाही हे ठरवण्याइतका पुरावा हाती नाही. तक्रार दिसत असताना तपासणे ही गोष्ट वेगळी, आणि तिथे टाळाटाळ करू नये.

शिवाय चाळणी कोणत्या धान्यासाठी विणली आहे तेही पाहावे. शाळेत गेलेल्या माणसासाठी केलेली चाचणी न शिकलेल्याला नापासच करणार. आपल्याकडे हे ओळखणारे लोक झाले आहेत. हरियाणातल्या बल्लभगढ भागात लिहितावाचता न येणाऱ्या वृद्धांसाठी १९९० च्या दशकात हिंदीतून एक वेगळी प्रश्नावली तयार केली गेली. शाळेत न गेलेल्याची बुद्धी शाळेच्या मापाने कशी जोखणार, हा विचार तिच्यामागे होता. आमच्या नानांच्या बोटाखालचे घड्याळ बिघडले ते आजाराने किती आणि काचेने किती, हे त्या दिवशी कोणीच सांगू शकले नसते.

नानांना आम्ही तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेले, तिथून पुढे शहरात. तिथल्या डॉक्टरांनी आधी कान तपासले. उजवा कान जवळजवळ गेलेला होता. रक्तात बी-१२ फार कमी निघाले. दोन्हींवर इलाज झाला आणि दोन-तीन महिन्यांत नाना पुष्कळ हुशारले, गप्पांत भाग घेऊ लागले. आम्हाला वाटले, सुटलो. पण सगळे परत आले नाही. पुन्हा तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाची सुरुवात असल्याचे सांगितले. या वेळी मात्र त्यांनी मला बाहेर बसवले आणि आधी नानांना विचारले, "बाबा, काय निघालं ते तुम्हाला सांगू, की मुलाला सांगू?" नाना म्हणाले, "मला सांगा. डोकं माझं आहे."

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले. लवकर कळण्याचे मोठे फळ औषधात शोधू नये. ते वेळेत आहे. माणूस अजून 'मी' म्हणून बोलू शकतो, आपले ठरवू शकतो, तेवढा वेळ हाती येतो, आणि तो वेळ त्याचा असतो. मुलाचा नव्हे, डॉक्टरचा नव्हे, टॅब घेऊन आलेल्या योजनेचा तर नव्हेच. आपण जेव्हा आजार लपवतो तेव्हा दुःख टळते असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आपण त्या माणसाचा हा वेळ काढून घेतो. आम्ही नानांचे एक वर्ष असे घालवले.

उरलेल्या वेळाचे नानांनी काय केले ते सांगतो. त्यांनी दिंडीच्या सर्व माउलींसमोर वीणा आपल्या हाताने दुसऱ्याच्या गळ्यात घातली आणि त्याच्या पाया पडले. कोणी काढून घेतली नाही, त्यांनी दिली. शेताचे जे सांगायचे ते आम्हा तिघा भावंडांना एकत्र बसवून सांगितले. पाय चालतील तोवर वारी चुकवायची नाही, गळ्यात नाव-गावाची चिठ्ठी घालीन पण घरी बसवू नका, असे बजावले. पुढे नळीने अन्न घालायची वेळ आली तर काय करायचे तेही बोलले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशा आजारात आपले उपचार कसे व्हावेत हे आधी लिहून ठेवण्याची आणि आपला प्रतिनिधी नेमण्याची सोय केली आहे, हे आम्हाला तेव्हाच कळले. त्यांनी आईचे नाव सांगितले.

एका रात्री मात्र त्यांनी वेगळेच विचारले. "अरे, शेवटी नावच आठवलं नाही तर?"

वारकऱ्याचे खरे भय हेच. पैसा विसरला तरी चालेल, मुलाचे नाव विसरले तरी चालेल. पण गीतेच्या आठव्या अध्यायात अंतकाळच्या स्मरणाला एवढे महत्त्व दिले आहे, आणि जन्मभर ज्या एका क्षणासाठी साधना केली त्या क्षणी जिभेवर नाम नसेल तर? मला उत्तर सुचले नाही. आमच्या दिंडीतल्या वृद्ध महाराजांकडे मी तो प्रश्न नेला. ते म्हणाले, पंधरावा अध्याय उघडून पाहा. स्मृती, ज्ञान आणि त्यांचे जाणे ही तिन्ही आपल्यापासूनच होतात असे भगवंत तिथे म्हणतात. म्हणजे विसरणारा माणूस देवाच्या हाताबाहेर गेला असे होत नाही. मग त्यांनी दक्षिणेकडच्या श्रीवैष्णवांत फार मानला जाणारा वराहचरमश्लोक सांगितला. त्याचा भावार्थ असा, की शरीर-मन ठिकाणावर असताना ज्याने माझे स्मरण केले, तो अंतकाळी लाकडा-दगडासारखा निश्चेष्ट पडला तर त्या वेळी मी त्याचे स्मरण करतो आणि त्याला परमगतीला नेतो. महाराज म्हणाले, "नाना सत्तावीस वर्षं उभे राहिले. आता त्यानं उभं राहायची पाळी आहे."

मी हे नानांना सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग झोपतो आता."

येथे एक गैरसमजही दूर करावा. दुसऱ्या अध्यायात क्रोधापासून संमोह, संमोहापासून स्मृतिभ्रंश अशी साखळी सांगितली आहे. तिचा आधार घेऊन, ज्याला विसर पडतो त्याने काही पाप केले असेल, असे बोलणारे भेटतात. तिथला स्मृतिभ्रंश म्हणजे विषयांच्या मागे लागून विवेक सुटणे. मेंदूच्या पेशी झिजण्याचा हा आजार निराळा. एकच शब्द आहे म्हणून आजाऱ्याला दोषी ठरवू नये. एकादशीला भाकरी मागणारे नाना व्रत मोडत नव्हते. त्यांना एकादशीच आठवत नव्हती.

आता पुंडलिकाकडे वळू. प्रत्यक्ष परब्रह्म दारी आले असता त्याने आईवडिलांची सेवा सोडली नाही, वीट पुढे केली आणि थांबायला सांगितले. ही कथा आपण शेकडो वेळा ऐकली आहे. मला तिच्यात आता एक नवी गोष्ट दिसते. सेवेला वेळ लागतो. देव आला तरी ती आटोपती घेता येत नाही. टॅबची चाचणी दहा मिनिटांत आटपते. तिच्यानंतर जे लागते ते दहा वर्षेही लागू शकते. तेव्हा विचारणाऱ्याने आधी स्वतःला विचारावे, उत्तर आल्यावर मी थांबणार आहे का? लाल खूण नोंदवून पुढच्या घरी जाणारी यंत्रणा आणि ती खूण पाहून सगळे बायकोवर सोपवणारा मुलगा, दोघांनाही हा प्रश्न लागू आहे. आमच्या घरी ओसरीवर तपासणी करवणारा मी होतो, पण रात्री चार वेळा उठून नानांना दारातून परत आणणारी माझी आई आणि माझी पत्नी होत्या. सेवेचे पुण्य मुलाच्या नावावर आणि जागरण सुनेच्या अंगावर, ही वाटणी पांडुरंगाला मान्य असेल असे वाटत नाही. मी रात्रीची पाळी घ्यायला लागलो ते फार उशिरा.

वाचक माउलींना काही हात जोडून सांगावेसे वाटते. आपल्या घरात वा दिंडीत कोणी वारंवार तेच विचारत असेल, ओळखीच्या वाटेवर चुकत असेल, पैशाचा हिशोब जमेनासा झाला असेल, तर हरिपाठ पाठ आहे म्हणून निश्चिंत राहू नका. त्याला एकांतात, मानाने विचारा. तपासायचे का, ते त्याला ठरवू द्या. चारचौघांत शब्द आठवायला लावू नका. 'किती वेळा सांगू?' हे वाक्य घरातून काढून टाका. कान, डोळे, रक्तदाब, साखर, बी-१२, थायरॉइड आधी पाहा. डॉक्टरांच्या जागतिक पातळीवरील एका आयोगाने २०२४ साली बहिरेपणा, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा अशी चौदा कारणे सांगितली. ती आयुष्यभर सांभाळली तर स्मृतिभ्रंशाची जवळजवळ निम्मी प्रकरणे टळू किंवा लांबू शकतील असा त्यांचा अंदाज आहे. एकटेपणावर आपल्या संप्रदायाकडे उपाय आहेच. कुठे जावे सुचत नसेल तर ज्येष्ठांसाठी सरकारची १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे. आणि दिंडीचालकांनी सत्तरीपुढच्या प्रत्येकाच्या गळ्यात तुळशीच्या माळेबरोबर नाव, गाव, दिंडीचा नंबर आणि घरचा फोन लिहिलेले कार्ड घालावे. सरसकट सगळ्यांच्या घातले की कोणा एकाला लाज वाटत नाही.

नाना आता मला नावाने ओळखत नाहीत. 'माउली' म्हणतात. सगळ्यांनाच म्हणतात, औषध देणाऱ्या परिचारिकेलाही. संध्याकाळी आम्ही त्यांच्या उजव्या कानात यंत्र घालतो आणि पलंगापाशी बसून हरिपाठ म्हणतो. कधी त्यांचे ओठ हलतात, कधी नाही. नाही हलले तर त्यांच्या वाटचे आम्ही म्हणतो. परवा धाकटा नातू, तोच ओसरीवर हसलेला, टाळ घेऊन आपणहून येऊन बसला. मध्येच त्याचे एक चरण चुकले. नानांनी डोळे मिटलेलेच ठेवून हाताने खूण केली, थांब, पुन्हा म्हण.

रामकृष्ण हरी.